मावशी, तुझा सव्वा रुपया

रूथमावशी,

आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही कधी जमलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुझं काही बिघडत नाही. पण जिथं गेलीस तिथं तू हे कुणाकडून तरी वाचून घेशीलच, आणि तो शिकलेला असला तर हसेल. त्याला सांग, लिहिणारी रोहण्याच्या शाळेत चौथीपर्यंत गेली, पुढचं तिला गीतांच्या पुस्तकानं शिकवलं. एवढं सांगून झालं की त्याला पुढं वाचायला लाव. मध्येच थांबू देऊ नको.

माझ्या लेकीच्या, करुणाच्या, मागच्या वर्षीच्या वहीत पानं उरली होती, त्यांवर लिहिते आहे. मुली बोरं वेचायला गेल्या आहेत. माझे सासरे, आमचे मामाजी, ओट्यावर उन्हात बसले आहेत. त्यांना वाटतं मी किराण्याची यादी करते आहे. वाटू दे.

तुझ्या मातीच्या दिवशी जे झालं ते सांगते, कारण ते तुझ्या कानावर गेलं असेल तर तू अजून चिडलेली असशील. चर्चचे नवे पाळकसाहेब येऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्यांनी तुला पाहिलं ते आजारपणात, घसा बसलेला असताना. ते शवपेटीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "आपली ही भगिनी शांत, सौम्य आणि मितभाषी होती." मावशी, मी पदर तोंडात कोंबला. माझ्या बाजूला आपले दाऊदमास्तर उभे होते. गायनमंडळ उभं केल्यापासून हार्मोनियमवरून कधी न उठलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना बाहेर जावं लागलं. सगळ्यांना वाटलं, दुःख आवरलं नाही. मी त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं होतं. ते हसत होते.

तू शांत! कापसाच्या जिनातल्या यंत्रांवर आपला आवाज चढवून चढवून तुझा गळा असा झाला होता, की तू हळू बोललीस तरी शेजारच्या घरातली म्हातारी 'ओ' द्यायची. गायनमंडळात तुला मागच्या रांगेत उभं करायचे, तरी समोरच्यांना ऐकू यायची ती तूच. केसांत कापसाचे पुंजके घेऊन तू सरावाला यायचीस आणि दारातूनच विचारायचीस, "कोन मेलं? असे काऊन बसले तोंडं पाडून?"

त्या दिवशी मी रडले ते घरी येऊन. तिथं मला रागच आला. तुझ्या जागी दुसऱ्याच कुणा बाईला पुरल्यासारखं वाटलं. ती शांत, सौम्य बाई कोण होती मला ठाऊक नाही. मला तू हवी होतीस. म्हणून हे लिहायला बसले.

आणीबाणी लागली त्याच्या आधीचं नाताळ तुला आठवतं. तुला आठवतं म्हणूनच तर अकरा वर्षं तू कुणाला विसरू दिलं नाहीस. करुणा तेव्हा दोन महिन्यांची होती. माझी तिसरी मुलगी. पहिल्या दोघींच्या वेळी मामाजींनी बाळाच्या मुठीत रुपया ठेवला होता. तिसरीच्या वेळी ते खोलीच्या दारापर्यंत आले, आतून सासूबाई म्हणाल्या, "पोरगीच," आणि ते दारातूनच वळून जकात नाक्यावर कामाला गेले. त्यानंतर दोन महिने एकाच घरात राहून त्यांनी तिचं तोंड पाहिलं नाही. ती रडली की ते ओट्यावर जाऊन बसायचे. मला कुणी काही बोललं नाही. दोन शब्द बोलले असते तर मलाही रडायला सोपं गेलं असतं. मी तर न बोलणारीच. त्या मागच्या रांगेतसुद्धा मी तुझ्या पाठीमागं दडून उभी राहायचे, तुझ्या आवाजाच्या आडोशाला. माझा सूर बरा आहे हे फक्त तुला माहीत होतं, कारण तो तुझ्या मानेवर पडायचा.

नाताळच्या देखाव्यात येशूबाळ म्हणून दरवर्षी बाहुली ठेवायचे. कुणा जुन्या मडमेनं परत जाताना दिलेली, गोरीपान, निळ्या डोळ्यांची, झालरीच्या फ्रॉकातली. त्या वर्षी पेटारा उघडला तर उंदरांनी तिचं नाक खाल्लेलं. दाऊदमास्तर म्हणाले, "गुंडाळून ठेवू. लांबून कोणाले दिसते?"

"बिननाकाचा येशू?" तू म्हणालीस. "अन् तसंही मले त्या मांजरडोळीले येशू म्हननं कधी पटलं नाई. बेथलेहेमात अशी पोरं होत होती काय?"

मग जिवंत बाळ ठेवायचं ठरलं. एका गवंड्याच्या मुलाला सांगून ठेवलं होतं, त्याला ऐन वेळी ताप आला. बाहेर सतरंज्यांवर लोक बसलेले, पडद्यामागं आपण पांढऱ्या साड्या नेसून उभ्या, आणि गव्हाण रिकामी. तू मागं वळलीस आणि माझ्या खांद्यावरून करुणाला उचललंस.

"मावशी, मुलगी आहे ती."

"दिसते मले."

"मामाजी आहेत समोर..."

"तेच म्हनतो. तुहा सासरा यंदाबी राजाच हाय नं? मग येऊ दे त्याले."

पूर्वेकडून बाळाला वंदन करायला येणाऱ्या तीन राजांमध्ये मामाजी असायचेच. उंचेपुरे, आणि जरीचा फेटा फक्त त्यांच्याकडे. दाढी तुझ्या जिनातल्या कापसाची, खळीनं चिकटवलेली. नाक्यावर ट्रक अडवायला निघावं तशा चालीनं ते आले, हातात पितळी डबा. गव्हाणीजवळ एक गुडघा टेकला, वाकले, आणि डब्यावरून नजर खाली गेली.

करुणा जागी होती. गालाला मी सकाळी लावलेली काजळाची तीट तशीच होती. त्यांना म्हणायचं होतं, "हे बाळराजा, आम्ही तुझ्यासाठी सोनं आणलं आहे." ते म्हणालेच नाहीत. मागचे दोन राजे त्यांच्या पाठीवर येऊन थडकले. दाऊदमास्तर हार्मोनियमवर बोट ठेवून वाट पाहत राहिले, कारण ते वाक्य झाल्याशिवाय गाणं सुरू करायचं नव्हतं. मामाजी मान खाली घालून तसेच. आणि करुणानं हात वर करून त्यांची दाढी धरली. अर्धी दाढी तिच्या मुठीत आली. लोक हसायला लागले, मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, तरी ते उठेनात. तेव्हा तू मागून, कुणाच्या इशाऱ्याची वाट न पाहता, कुणालाही न पेलणाऱ्या पट्टीत गाणं उचललंस. आम्ही सगळ्या तुझ्या मागं धापा टाकत. मामाजी उठले तेव्हा एका गालावर दाढी होती आणि एका गालावर नव्हती.

मी तेव्हा घाबरले होते. पण मावशी, त्या भीतीच्या खाली मला हसू येत होतं. घरात जिला कुणी बघत नव्हतं तिच्यासमोर आख्खी मंडळी हात जोडून बसली होती.

दोन दिवसांनी दंडाची सभा. बाहेरच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही. देखावा झाला की गायनमंडळानं प्रार्थनामंदिरामागच्या उन्हात जमायचं, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, भजी आणि संत्री खायची, आणि देखाव्यात ज्यानं जी चूक केली तिचा खटला चालवायचा. दाऊदमास्तर उलट्या घमेल्यावर न्यायाधीश, खांद्यावर शाल, हातात लाटणं. ढोलकीवाला प्रभाकर सरकारी वकील. दंडाचे पैसे डब्यात जायचे, पुढच्या वर्षीच्या रंगीत कागदांसाठी. त्या वर्षी प्रभाकरच्याच बकरीनं गव्हाणीतलं गवत खाल्लं होतं म्हणून त्याला चार आणे पडले. तो म्हणाला, "साहेब, बकरीनं खाल्लं, मी नाई." मास्तर म्हणाले, "बकरीच्या पदराले पैसे असतील तर तिच्याकडून घेतो." देवदूताचे पंख दारात अडकले, आठ आणे. हसून हसून आपले गाल दुखत होते.

मग मामाजी उभे राहिले. ते मंडळीचे पंच, डबाही त्यांच्याचकडे. ते दरवर्षी सभेला येत, पण बोलत नसत. म्हणाले, "एक तक्रार माही. येशूबाळाच्या जागी पोरगी ठेवली."

अर्धे लोक हसले. अर्ध्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबले.

तू तुरीचं टरफल थुंकून उभी राहिलीस. "गुन्हा काय त्यात?"

"येशू मुलगा होता."

"होता. अन् बाहुली काय होती, याकोबभाऊ? फ्रॉक घातला होता तिले! तिच्यापुढं इतकी वर्षं गुडघे टेकले, तवा नाई आठवलं?"

आता सगळेच हसले. मामाजी म्हणाले, "बाहुलीची गोष्ट वेगळी."

"वेगळी काऊन? बाहुली कोनाच्या घरात जन्माले नाई आली म्हनून?"

संत्र्याची फोड तोंडाशी नेलेले हात तसेच राहिले. मास्तर बिचारे पंचांना दुखवायला घाबरले. त्यांनी घाईघाईनं लाटणं आपटलं. "सव्वा रुपया दंड!" एवढा मोठा दंड कधी कुणाला पडला नव्हता. तुझी अर्ध्या दिवसाची मजुरी ती. तू पदराची गाठ सोडलीस, पैसे सतरंजीवर टाकलेस आणि म्हणालीस, "घ्या. पन हा दंड नाई, आइकून ठेवा सारे. मी उसने देऊन राह्यली. वापस घेईन."

मग माझ्याकडे वळलीस. "सुमन, तू सांग नं. लेक तुही हाय." मी शेंगा सोलत राहिले. तू माझ्यावर रागावली नाहीस. येऊन माझ्या बाजूला बसलीस आणि माझ्या सोललेल्या शेंगा खाऊन टाकल्यास.

तेव्हापासून दरवर्षी सभा सुरू झाली की मास्तरांच्या आधी तू उभी. "पयले माहा सव्वा रुपया काढा, मंग तुमचं कोर्ट." लोक टाळ्या वाजवायचे. मास्तर लाटणं आपटून म्हणायचे, "विषय पुढच्या वर्षी." मामाजी डब्यावर हात ठेवून समोर बघायचे. लोकांना वाटायचं, रूथबाईची ही गंमत आहे. प्रभाकर तर व्याज लावून दाखवायचा. मला ठाऊक होतं की गंमत नव्हती. तू हसत हसत मागायचीस, पण एक वर्षही मागायची राहिली नाहीस. निमोनिया झाला त्या वर्षीसुद्धा गोधडी पांघरून आली होतीस.

आपलं भांडण मात्र वेगळंच होतं, आणि ते कुणाला माहीत नव्हतं. पाणी भरताना, तांदूळ निवडताना, आपण किती वेळा भांडलो. तू म्हणायचीस, "तो खरा टेकला गुडघा. म्हनून तर बोलला नाई. खोटं असतं तर घडाघडा बोलला असता."

मी म्हणायचे, "रागानं बोलणं विसरले. लोक हसले म्हणून उठता आलं नाही."

"मंग दुसऱ्या हप्त्यापासून पोरगीले ओट्यावर घेऊन काऊन बसते?"

"लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून."

"तुले ना सुमन, चांगलं झालेलं पाहावत नाई."

"तुला लोकांच्या गुडघ्यातलं दिसतं का गं?" मी म्हणायचे. इतकी तोंडाळ मी फक्त तुझ्यापुढं होते. गल्लीत सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

तुझं खरं होतं की माझं, हे ठरलं नाही. मामाजी करुणाला ओट्यावर घ्यायचे, तिला बाराखडीही त्यांनीच शिकवली. पण तोंडानं कधी काही बोलले नाहीत आणि सव्वा रुपयाही दिला नाही. आणि तुझं म्हणणं काय, तर मनात आलं तेवढं पुरे. मग मावशी, मनातलंच पुरत होतं तर तू दरवर्षी पैसे का मागायचीस? हे तुला विचारायचं राहून गेलं. तू म्हणाली असतीस, "शेंगा सोल."

काल दंडाची सभा झाली.

होऊच नये असं चाललं होतं. पाळकसाहेब म्हणाले, घरात मयत झाल्यासारखं आहे, यंदा हसणं-खिदळणं बरं दिसणार नाही. मास्तर म्हणाले, "साहेब, सभा बंद ठेवली तर ती मातीतून उठून येईल. तुम्ही तिले ओळखत नाही." तेव्हा साहेब स्वतःच आले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि शेंगा कशा सोलायच्या ते पोरांकडून शिकले. ते नगरकडचे, त्यांना आपल्या शेंगांची सवय नाही.

पण सुरुवात होईना. मास्तर घमेल्यावर बसले, लाटणं हातात घेतलं आणि सवयीनं मागच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तुझी जागा कुणी घेतली नव्हती. शेवटी प्रभाकरच घसा साफ करून उठला. "पहिली तक्रार पाळकसाहेबांवर. कब्रस्तानात, शंभर लोकांसमोर, खोटी साक्ष दिली. रूथबाईले शांत म्हटलं."

मग साहेबांनीच विचारलं, "नव्हत्या का?"

अरे बापा, जो हशा उठला! कुणी तुझा आवाज काढला, कुणी तुझं 'कोन मेलं' म्हणून दाखवलं. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "आठ आणे." साहेबांनी कान धरले. "गुन्हा कबूल. मला त्या भेटल्याच नाहीत, हे माझं नुकसान." मला तो माणूस तेव्हा आवडला.

पैसे डब्यात पडले. मास्तर पुढचं नाव घेणार, तेवढ्यात कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "अन् बाईचा सव्वा रुपया?"

मामाजींनी डब्याचं झाकण लावलं. "तो विषय तिच्यासंगं संपला," ते म्हणाले. साहेबांना वाटलं तुझ्याकडून येणं आहे. ते चांगल्या मनानं म्हणाले, "गेलेल्या माणसाची बाकी आपण माफ करू या."

माफ! मावशी, मी कधी उठले मला कळलं नाही. मांडीवरची टरफलं सगळ्या सतरंजीवर सांडली. पदर डोक्यावरून घसरला, तो मी वर घेतला नाही.

"माफ कशाला?" मी म्हटलं. "तिनं काही केलंच नव्हतं. तिच्याकडे बाकी नाही. बाकी आपल्याकडे आहे. ती उसने दिले म्हणाली होती, सगळ्यांनी ऐकलं. तिचे पैसे परत द्या."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला, कारण समोर तू उभी नव्हतीस.

"सुनबाई, बस खाली," मामाजी म्हणाले.

"नाही बसत, मामाजी. सभा आहे. इथं सगळ्यांना बोलता येतं. तक्रार माझी आहे. माझ्या लेकीला गव्हाणीत ठेवलं म्हणून ज्या बाईला दंड केला, तो दंड चूक होता. मास्तर, लिहून घ्या नाहीतर नका घेऊ, पण पैसे काढा."

मास्तरांनी लाटणं मांडीवर ठेवलं. न्यायाधीशासारखे नाही, साध्या माणसासारखे बोलले. "काढा, याकोबभाऊ. मीबी तवा भ्यालो होतो."

करुणा पहिल्या रांगेत बसली होती. ती आता गायनमंडळात आहे, आणि तिला मागं उभं करायचं का यावरून मास्तर आतापासून काळजीत आहेत. तिला ही गोष्ट माहीत नव्हती असं नाही, गंमत म्हणून माहीत होती. आता ती आजोबांकडे बघत होती, आणि हसत नव्हती.

मामाजींनी डबा उघडला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून नाणी डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. आठ आणे काढले. आणखी आठ आणे. झाकण लावलं आणि करुणासमोर हात केला. "घे." कुणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला. मास्तरांनी लाटणं उचललं.

"अजून चार आणे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं असेल तर ते काल. मी नजर खाली घेतली नाही.

डबा त्यांनी पुन्हा उघडला नाही. सदऱ्याच्या खिशात हात घातला, बराच वेळ चाचपडले, तंबाखूची डबी निघाली, रुमाल निघाला, आणि मग चार आण्याचं नाणं निघालं. करुणा उठून जाणार होती, तर तेच गुडघ्यावर हात टेकून सरकत तिच्यापर्यंत आले आणि तिच्या तळहातावर आधीचे आठ-आठ आणे आणि वर हे नाणं ठेवलं.

"आजोबा, हे कशाचे?" तिनं विचारलं. माहीत असून विचारलं. तुझीच कारटी.

"रूथबाईचे," मामाजी म्हणाले. "उसने घेतले होते."

उसने म्हणाले, मावशी. दंड नाही म्हणाले.

गुडघ्याचं मी अजून मान्य केलेलं नाही, त्यावर आपण पुन्हा कधीतरी भांडू. पैसे मात्र मी घरी येऊन करुणाकडून मागून घेतले आणि उजेडात पाहिले. पुरा सव्वा रुपया. परत मिळाला.